मास्क लावलेले रंगारी

१

साल १९९४. फेब्रुवारी संपत आला होता, पण क्लीव्हलंडकरांना शहरालगतच्या मोठ्या तळ्याचं पाणी अजून दिसलं नव्हतं. काठापासून नजर पोचेल तिथवर बर्फच बर्फ. त्या काळी थंडीसुद्धा मन लावून पडायची.

अशाच एका शनिवारी दुपारी व्हर्नेल टारव्हर धुतलेल्या कपड्यांची गाठोडी घेऊन लाँड्रीतून घरी आल्या, तर त्यांच्या स्वयंपाकघरात दोन परके पुरुष. अंगात पांढरे कागदी झगे, तोंडावर रबरी मास्क, बुटांवर पिशव्या. टेबल, स्टोव्ह, खुर्च्या सगळं प्लास्टिकखाली झाकलेलं. आणि खिडकीची चौकट पार लाकडापर्यंत खरवडून वर ताजा पांढरा रंग.

"बाई, जरा बाहेर थांबा," एक जण मास्कमधून बोलला. "ही धूळ चांगली नाही."

"माझ्याच घरात मी बाहेर थांबू? पाठवलं कुणी तुम्हाला?"

"दुरुस्ती आहे. पैसे पडणार नाहीत."

त्यांनी फरशीवरून मशीन फिरवून धुळीचा कणन्‌कण ओढून घेतला, प्लास्टिकच्या घड्या घातल्या, पिशव्यांची तोंडं बांधली आणि निघून गेले. गाडीवर कुणाचं नाव नव्हतं.

व्हर्नेल खुर्चीवर बसल्या. चौसष्ट वर्षांच्या बाई, अंगातला कोटही काढला नाही. त्यांचा नातू कोरी, वय वर्षं तीन, याच खिडकीच्या फळीवर बसून दात शिवशिवले की तिचा जुना रंग कुरतडायचा. जुन्या रंगात शिसं असतं. ते त्याच्या रक्तात गेलं होतं. मुलांची काळजी घेणाऱ्या काऊंटीच्या, म्हणजे जिल्हा प्रशासनाच्या, खात्यानं सांगितलं होतं, विष या घराच्या रंगातून आलं असं सिद्ध झालं तर घरमालकाला कोर्ट दुसरं स्वच्छ घर द्यायला लावील. नाही झालं तर दोष आजीचा. मूल परक्या घरी ठेवावं लागेल. सोमवारी कोर्टाचा तपासनीस येऊन याच चौकटीचा रंग खरवडून नेणार होता.

व्हर्नेलनी फोन उचलला आणि गरिबांना वकील मिळवून देणाऱ्या, स्वतःही वकील असलेल्या बर्नडीन झुपान यांच्या घरचा नंबर फिरवला.

"मिस झुपान, माझी खिडकी चोरीला गेली."

"काच फोडली का कुणी?"

"नाही. खिडकी जागेवरच आहे. अगदी नवी दिसते. म्हणूनच म्हणते, चोरली."

२

बर्नडीन झुपान सत्तावन्न वर्षांची होती आणि त्यातली तीस वर्षं तिनं चिडण्यात घालवली होती, असं तिची आई स्लोव्हेनियन नातेवाइकांना सांगायची. ती जन्मली त्या गल्लीपासून व्हर्नेलची इमारत हाकेच्या अंतरावर. लहानपणी त्या रस्त्यावर सॉसेज धुरवण्याचा वास असायचा, अंगणात अॅकॉर्डियन वाजायचं. मग तिचे लोक उपनगरांत गेले, घरं तेवढी आपल्याकडे ठेवली, आणि ती काळ्या माणसांना भाड्यानं दिली. रंगाचा हात मात्र शेवटचा तिच्या बापाच्या पिढीतच बसला होता.

ती वाकून चौकट बघत राहिली. एक पापुद्रा राहिला नव्हता.

"अजून कुणाकडे आले होते?"

"लहान मुलं आहेत त्या घरांत तेवढे. वरती पेनीच्या घरी, समोर, आणि कोपऱ्यात. बाकी कुणाचं दारसुद्धा वाजवलं नाही. पेनी म्हणते, तिचं तान्हं सोफ्यावर झोपलेलं, त्यांनी सोफ्यावर प्लास्टिक घातलं बाळासकट, आणि म्हणाले, याला जरा बाजूला घ्या." व्हर्नेल हसल्या नाहीत. "तोंडाला मास्क त्यांच्या. बाळाचं नाक उघडं."

"झोपायच्या खोलीतली खिडकी?"

"तिला हात नाही लावला. ती कशाला खरवडतील? आग लागली होती त्या वर्षी ती नवी बसवली. तिच्यावर जुना रंग नाहीच."

बर्नडीननं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "पण मिसेस टारव्हर, तुमच्या कैफियतीत तर लिहिलंय की मूल झोपायच्या खोलीतल्या खिडकीत बसतं."

व्हर्नेलनी मान खाली घातली. "त्या पोरसवदा वकिलाला काय सांगणार होते मी? मी लोकांचे शर्ट इस्त्रीला घेते. बाहेरच्या खोलीत इस्त्री गरम, म्हणून त्याला स्वयंपाकघरात ठेवते, दार लावून. एकटा. असं वकिलाला सांगितलं की काऊंटी म्हणणार, बघा, पोराकडे लक्ष नाही. म्हणून मी झोपायची खोली सांगितली."

"आणि तपासनीस झोपायच्या खोलीत जाऊन काय करणार होता?"

"मी त्याला हाताला धरून इकडे आणणार होते. दाखवणार होते. तोवर धीर गोळा करत होते हो."

बर्नडीनला राग आला. कुणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. मग तिच्या डोक्यात एक प्रश्न उभा राहिला आणि हलेना. वकिलांच्या कागदांत झोपायची खोली होती. तरी रंगारी सरळ स्वयंपाकघरात आले. त्यांना खरं कुणी सांगितलं?

३

रविवारी चर्च सुटल्यावर तिनं घरमालक स्टॅन मरोल्टला पायरीवरच गाठलं. तो तिच्याच लोकांपैकी. तिच्या भावाबरोबर शाळेत होता.

"स्टॅन, तुझ्या इमारतीत काल रंग लागला."

"ऐकलं खरं. छान झालं ना?" तो टोपीचे कान खाली ओढत म्हणाला. "तू काय, बघायला गेली होतीस?"

"तू पाठवलेस ते लोक?"

"मी?" स्टॅन मनापासून हसला. "बर्नी, तीन हिवाळे झाले, बॉयलरला मी नवा वॉशर घातला नाही. मी माणसांना मास्क घेऊन देणार? माझ्या बायकोला विचार, मी तिला हातमोजे तरी घेतो का."

"मग पैसे कुणी दिले?"

"फुकट मिळालेल्या सूपात केस शोधत बसायचं नसतं, तुझी आईच म्हणते. फोन आला, चाव्या दे म्हणाले, दिल्या. आता पुढचं माझ्या वकिलाला विचार."

"त्या घरात तीन वर्षांचं मूल आहे, स्टॅन."

"म्हातारीकडे मूल?" त्याचं हसू मावळलं. "तिच्या करारात मूल नाही. कधीपासून ठेवलंय?"

बर्नडीननं जीभ चावली. पण त्याच्या चेहऱ्यावरचं नवल खोटं नव्हतं. कोरीला आईनं आजीकडे सोडलं ते व्हर्नेलनी घरमालकापासून लपवलं होतं, कोर्टाची नोटीसही अजून त्याला पोचली नव्हती, आणि ते लपलेलंही होतं. म्हणजे मालकानं पैसे दिले नाहीत, आणि कुठल्या घरात मूल आहे ते मालकाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेला माणूस वेगळाच होता.

आणि काऊंटीची माणसं सोडली तर कोरीचं नाव व्हर्नेलनी आजवर एकाच ठिकाणी उच्चारलं होतं. गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या तळघरात, फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांच्या टेबलावर.

घरी जाताना बर्नडीनचे कान थंडीनं नाही, रागानं तापले होते. चोर तिनं स्वतःच बोलावून आणलेल्यांतला होता.

४

तिच्या ऑफिसात वकील मोजके, आणि दारातली रांग कोपऱ्यावरून वळून जायची. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या दारात जाऊन हात पसरणं हे तिचं काम झालं होतं. हॅडली कूपर ही उंच इमारतीतली वकिलांची पेढी आणि ओल्ड लेक म्युच्युअल या विमा कंपनीचा कायदा विभाग, दोघे मिळून दर गुरुवारी आपली माणसं पाठवत. एक संध्याकाळ, फुकट. वर्षातून एकदा मेजवानी, मानपत्र, फोटो. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, हे ती स्वतःला बजावत आली होती.

त्या गुरुवारी व्हर्नेलच्या टेबलाजवळ तिघे होते. पेढीचे थोरले भागीदार प्रेस्कॉट हॅडली. त्यांचाच तरुण वकील नील ड्रिस्कॉल. आणि विमा कंपनीची मार्जरी लिंडक्विस्ट, जिनं गेली सहा वर्षं एकही गुरुवार चुकवला नव्हता, जी मुलांसाठी घरून वेलदोड्याचे पाव करून आणायची, आणि बर्नडीनची मैत्रीण होती.

नील रविवारी दुपारीही पेढीच्या ऑफिसातच सापडला, टेबलावर पाय टाकून गार पिझ्झा खात. तिनं खिडकीचं सांगताच त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, मी कुणाला बोललो नाही. शपथ."

"तुझा चुलतभाऊ रंगारी आहे."

"डेनिस? तो दारू प्यायल्याशिवाय शिडी चढत नाही. मास्क लावला तर पिणार कसा?" मग तो ओशाळला. "नाव मी फक्त आमच्या तपासणीला दिलं. नियम आहे तो. नवा अशील घ्यायचा तर आधी सगळ्या पेढीला विचारायचं, समोरच्या पार्टीचं काम आपण आधीच करतो का. सगळ्या मजल्यांवर कागद फिरतो."

"काय असतं त्यावर?"

"मालकाचं नाव, इमारतीचा पत्ता. बस."

"मुलं?"

"मुलं कशाला? मुलांशी आमचं हितसंबंधांचं भांडण नसतं." बोलता बोलता त्यालाच ते वाक्य टोचलं, आणि त्यानं पिझ्झा खाली ठेवला.

"नील, कोरी कुठल्या खिडकीत बसतो?"

"झोपायच्या खोलीतल्या. मीच लिहिलंय. का?"

त्याची नजरही हलली नाही. बर्नडीनला तेवढं पुरलं. नीलनं सांगितलं असतं, किंवा पेढीतल्या कुणी त्याचे कागद चोरून वाचले असते, तर रंगारी झोपायच्या खोलीतली नवी खिडकी घासत बसले असते.

"आणि तुमचे साहेब? हॅडली?"

"ते फोटोपुरते होते. टारव्हर बाई बसायच्या आत कोट घालून गेले. ऑपेरा होता त्यांचा."

आता एकच नाव उरलं होतं. बर्नडीन ते मनातसुद्धा उच्चारायला तयार नव्हती.

५

हॅडली साहेबांचा फोन मात्र तिच्या आधी तिच्या घरी पोचला होता. नीलनं घाबरून त्यांना कळवलं असणार. आईनं रिसीव्हर पुढे केला तो हातानं झाकून. "मोठा माणूस दिसतो. घसा खाकरून बोलतो."

"मिस झुपान," हॅडली म्हणाले, "तुम्ही चौकशी करताय असं ऐकतो. आपल्याच माणसांची."

"खिडकी चोरीला गेलीय, मिस्टर हॅडली."

"दुर्दैवी आहे. पण खिडकी स्वच्छ झाली, याकडेही पाहायला हवं." ते जरा थांबले. "पुढच्या महिन्यात मेजवानी आहे. या वर्षी आठ नव्या कंपन्या त्यांचे कायदा विभाग देणार आहेत. तुमच्या रांगेतल्या किती लोकांना त्याचा उपयोग होईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा जाणता. एका प्रकरणापायी दात्यांच्या मनात किंतु आला, तर ते सगळे परत फिरतील."

"एका प्रकरणात एक मूल आहे."

"रांगेत पुष्कळ मुलं आहेत."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते अधिक झोंबलं. ती रिसीव्हरची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली. हॅडलींना वाटलं, पटलं.

"मी तुम्हाला नेहमी समंजस समजत आलो," ते म्हणाले.

"अंदाज चुकलाय तुमचा," बर्नडीन म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

आई शेवयांचं सूप वाढत होती. "काय म्हणत होता?"

"म्हणत होता, भीक घालणाऱ्याचा हात बघू नये."

"मग तू काय बघणार?"

"त्या हातात काय आहे ते," बर्नडीन म्हणाली, आणि सूप न घेताच कोट चढवून बाहेर पडली.

६

मार्जरी चर्चच्या तळघरात एकटीच होती. शुक्रवारच्या मासळीच्या जेवणासाठी घडीच्या टेबलांवर ती कागद पसरत होती. बाह्या वर सारलेल्या, अंगात नाताळातला स्वेटर.

"अगं बर्नी, बरी आलीस. ते टोक धर."

बर्नडीननं टोक धरलं. दोघींनी मिळून एक टेबल झाकलं.

"मार्जरी, गुरुवारी कोरीच्या कोटाची चेन कुणी लावून दिली?"

"मी. अडकली होती गं. का?"

"तेव्हा व्हर्नेल तुझ्याशी काही बोलल्या."

"बायका बोलतातच कोटांच्या चेनी लावताना."

"आत्ताच त्यांना विचारून आले. त्यांनी तुला सांगितलं की पोरगा स्वयंपाकघरात एकटा असतो आणि तिथली फळी खातो, आणि इमारतीत आणखी कुठल्या घरांत लहान मुलं आहेत तेही. नीलला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं नव्हतं. लाज वाटली त्यांना. तुला सांगितलं, कारण तू त्यांच्या नातवासमोर गुडघे टेकून बसली होतीस."

मार्जरी कागदाची सुरकुती तळहातानं साफ करत राहिली.

"शनिवारी रंगारी सरळ त्या फळीकडे गेले," बर्नडीन म्हणाली. "मी आधी विचार करत होते, हे कुणाच्या फायद्याचं. स्टॅनच्या? स्टॅन दमडी सोडणारा नाही. बरं, स्टॅनला पुरावा उडवायचा असता, तर त्यानं भाच्याला कानस देऊन पाठवलं असतं, आणि धूळ सूपाच्या पातेल्यात पडली असती. पण हे लोक मास्क लावून आले. झगे घालून. मशीननं धूळ ओढून घेतली. पापाचं काम करताना इतकी स्वच्छता कोण पाळतं? ज्याला रंगाऱ्यांची भीती वाटते तो. रंगाऱ्याच्या फुप्फुसात शिसं गेलं, तर उद्या तो दावा लावील, असं ज्याला झोपेतही सुचतं तो. म्हणजे वकील. आणि तोसुद्धा विम्याचा."

"बर्नी."

"तुमच्याकडेही ती तपासणी होते ना? गुरुवारी तू ऑफिसात विचारलंस, या इमारतीशी आपला काही संबंध आहे का. आणि उत्तर आलं की आहे. इमारतीचा विमा आपल्याच कंपनीचा. मुलं जिंकली, तर भरपाई ओल्ड लेकनं द्यायची. त्या क्षणी तू काय करायला हवं होतंस, ते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. मला फोन करून म्हणायचं, मला या कामातून मोकळं कर, आणि तोंडाला कुलूप. त्याऐवजी तू वरच्या मजल्यावर गेलीस."

मार्जरी खुर्चीवर बसली. रडली नाही. तिचा आवाज गुरुवारी असायचा तसाच मऊ होता.

"तू मला काय समजतेस? मी त्या मुलांसाठीच केलं. कोर्टात वर्ष गेलं असतं गं. तोवर ती फळी खातच राहिली असती मुलं. मी वर सांगितलं, आत्ता साफ केलं तर सगळ्यांचं भलं. पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं. विष गेलं ना तिथून?"

"विष कोरीच्या हाडांत आहे. गेला तो पुरावा."

"मी पैसे नाही घेतले."

"तेच तर," बर्नडीन म्हणाली. "घेतले असतेस तर मला कळलं असतं तुला काय म्हणायचं ते. त्या बाईनं तुला लाजेची गोष्ट सांगितली, तिची वकील म्हणून. तू ती उचलून तिच्या शत्रूला दिलीस, आणि वर तिचंच भलं केलं म्हणतेस. आता काऊंटी त्या पोराला घेऊन जाईल. तेव्हा कुणाला वेलदोड्याचे पाव नेऊन देशील?"

मार्जरीनं पहिल्यांदाच मान वर केली. "सिद्ध कसं करणार? खिडकी कोरी आहे. आणि हे जे बोलणं झालं, ते मी नाकारीन. नाकारावंच लागेल मला. नोकरी आहे माझी."

बर्नडीन तिच्याकडे पाहत राहिली. ही बाई दर गुरुवारी जाताना कॉफीचे कप धुऊन, पालथे घालून, वर फडकं झाकून जायची. काही म्हणजे काही उघडं टाकायची नाही. आणि बर्नडीनला कळलं की खिडकी हरवलेली नाही.

"मार्जरी, खरवडलेला रंग कुठे आहे?"

मार्जरीचे हात कागदावर थांबले.

७

सोमवारी दुपारी, तपासनीस घरी येऊन गेल्यावर, न्यायाधीश इव्हँजेलिन पोर्टर यांच्यापुढे काऊंटीची बाई कोरीचे कपडे भरायला पिशवीच घेऊन आली होती. व्हर्नेलनी त्याला मांडीवर इतकं घट्ट धरलं होतं की पोरगं कुरकुरत होतं. ओल्ड लेकचा कुणीतरी वरिष्ठ वकील मागच्या बाकावर बसला होता, नुसता ऐकायला म्हणून. त्याच्या शेजारी मार्जरी.

बर्नडीन उभी राहिली. "मॅडम, माझी विनंती एवढीच की चार घरांतून खरवडून नेलेला रंग आज कुणी हलवू नये."

"कुठला रंग? तपासनीस म्हणतात, तिथे काही शिल्लक नाही."

"घरात नाही. पण तो कचऱ्यातही गेलेला नाही. ज्यांनी तो खरवडला त्यांनी मास्क लावले होते, झगे घातले होते, प्रत्येक पिशवीचं तोंड बांधलं होतं. ज्यांनी त्यांना पाठवलं, ते नियम मोडणारे लोक नाहीत. फक्त माणसं मोडतात. शिशाचा कचरा उघड्यावर टाकायला कायद्यानं बंदी आहे, आणि टाकला तर दंड कंपनीला. तेव्हा त्यांनी तो पिंपात बंद करून, कुठून आला ते लिहून, कुठेतरी ठेवला असणारच. त्यांना तसं केल्याशिवाय झोप येत नाही."

"कोण हे लोक?"

"ओल्ड लेक म्युच्युअल. पुरावा नष्ट करायला त्यांनी माणसं पाठवली, आणि पाठवणाऱ्याला घर, खिडकी आणि मूल यांची माहिती दिली ती माझ्याच अशिलाच्या वकिलानं. फुकट वकिलानं. त्यांचं नाव मी सांगेन, पण त्यांनी स्वतः सांगितलं तर बरं."

मागच्या बाकावरचा वरिष्ठ वकील तटकन उठला. "मॅडम, आम्ही या दाव्यात पक्षकारच नाही. आणि त्या पिंपांचा या प्रकरणाशी..."

तो तिथेच थांबला. पण शब्द सुटला होता.

न्यायाधीश पोर्टर यांनी चष्मा काढला. "कुठल्या पिंपांचा, वकीलसाहेब? बाईंनी पिंप असणार म्हटलं, आहेत असं नाही म्हटलं. तुम्ही पाहिलीत का?"

त्यानं सवयीनं शेजारी पाहिलं, जसं मोठे साहेब माहिती हवी असली की हाताखालच्याकडे पाहतात. मार्जरी लिंडक्विस्ट उभी राहिली. तिला खोटं बोलायचं होतं, असं बर्नडीनला पुढे कायम वाटत राहिलं. पण सहा वर्षं ती ज्या मुलांच्या कोटांच्या चेनी लावत आली होती त्यांतलं एक समोर बसून तिला ओळखून हात हलवत होतं.

"कंत्राटदाराच्या आवारात आहेत," ती म्हणाली. "दर घराची पिशवी वेगळी आहे. मीच तसं सांगितलं होतं."

व्हर्नेलनी नातवाचा हलणारा हात हळूच खाली घेतला. "तिला नाही हात हलवायचा, राजा," त्या म्हणाल्या.

८

पिशव्या जशाच्या तशा मिळाल्या. व्हर्नेलच्या स्वयंपाकघराची पिशवी प्रयोगशाळेत गेली आणि तिच्यातलं शिसं पाहून तिथला माणूस म्हणाला, ही खिडकी नाही, खाण आहे. काऊंटीची बाई रिकामी पिशवी घेऊन परत गेली. मरोल्टला त्याच आठवड्यात व्हर्नेलना दुसरं घर द्यावं लागलं.

हॅडली साहेबांची मेजवानी झाली. त्या वर्षीच्या मानपत्रांतून एक नाव गाळलं गेलं आणि का गाळलं ते कुणी विचारलं नाही. नव्या आठ कंपन्यांपैकी पाच आल्या, तीन परत फिरल्या. त्या तीन कंपन्यांपायी ज्यांना वकील मिळाला नाही, त्यांच्या चेहऱ्यांचा विचार बर्नडीन करत असे, आणि हॅडलींना क्षमा करण्याऐवजी अधिकच चिडत असे. हॅडली पुढे बऱ्याच वर्षांनी गेले. वर्तमानपत्रात लिहून आलं, गरिबांचा मित्र.

ओल्ड लेकनं चार मुलांना भरपाई दिली, दोष मान्य न करता. पुढच्याच वर्षी तिनं आपल्या साऱ्या पॉलिसींतून शिशामुळे होणारं नुकसान वगळून टाकलं. मरोल्टनं इमारत विकली, विकत घेणाऱ्यानं ती सोडून दिली, आणि आज तिथे गवत आहे.

मार्जरीची सनद दोन वर्षांसाठी गेली. नोकरीही गेली, कंपनीनं सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवलं. ती मिनेसोटाला बहिणीकडे राहायला गेली. दर नाताळात तिचं कार्ड यायचं. बर्नडीन ते वाचायची, आणि उत्तर द्यायची नाही.

नीलला पेढीनं सांगितलं की टारव्हर प्रकरणातून अंग काढून घे. त्यानं पेढीतूनच अंग काढून घेतलं आणि बर्नडीनच्या ऑफिसात, निम्म्याहून कमी पगारावर, मोडक्या खुर्चीत येऊन बसला. आता ते ऑफिस तोच चालवतो. त्याला टक्कल पडलंय. नव्या वकिलांना तो पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: समोरची बाई तुम्हाला पैसे देत नाही म्हणून ती तुमची अशील कमी होत नाही.

व्हर्नेल टारव्हर आणखी पंधरा वर्षं जगल्या. कोरी शेवटपर्यंत त्यांच्यापाशीच होता. तो एक दिवसही परक्या घरी राहिला नाही. शाळेत तो दोनदा मागे पडला. आकडे त्याच्या डोक्यात टिकत नाहीत, आणि एकदम तीन कामं सांगितली तर तिसरं तो विसरतो. तो बसच्या आगारात बस धुतो, आणि छान धुतो.

बर्नडीन झुपान ऐंशीच्या पुढे गेल्यावर स्लोव्हेनियन वृद्धाश्रमात राहायला गेली. तिथे एकदा वकिलांच्या कुठल्याशा संघटनेची दोन तरुण माणसं तिची मुलाखत घ्यायला आली. प्रेमानं आली होती, फुलं आणली होती. त्यांनी विचारलं, फुकट वकिली नसती तर टारव्हर प्रकरणाचं काय झालं असतं?

बर्नडीननं फुलं टेबलावर ठेवली.

"फुकट नव्हतं ते," ती म्हणाली. "बिल त्या पोरानं भरलं. अजून भरतोय."